बंद पडलेली ब्रिटिश फटफटी पुन्हा रस्त्यावर आणताना

वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन किंवा मॅचलेस हाती आली की मनात पहिली इच्छा एकच येते: किक मारून बघू या, चालू होते का. ती इच्छा आवरा. या लेखातली निम्म्याहून जास्त कामं त्या पहिल्या किकच्या आधीची आहेत. गाडी वीस वर्षं नुसती उभी राहिल्याने जे नुकसान होत नाही, ते तेल न पोचलेल्या बेअरिंगवर इंजिन दोन मिनिटं पळवल्याने होतं.

'व्हिंटेज' हा शब्द ब्रिटनमध्ये काटेकोरपणे १९३१ च्या आधीच्या गाड्यांसाठी वापरतात. मी मात्र साधारण १९४५ ते १९७५ या काळातल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, कारण नवख्या माणसाच्या हाती बहुतेक वेळा याच येतात आणि यांचे सुटे भाग आजही नव्याने बनतात. दुसरं म्हणजे, गाडी रस्त्यावर आणणं आणि गाडी नवीकोरी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. रंग आणि क्रोम नंतर कधीही करता येतं. आधी गाडी चालू द्या, थांबू द्या, वळू द्या. चकचकीत रंग देऊन झाल्यावर इंजिन खोलायची वेळ आली की त्या रंगाचं काय होतं ते मी पाहिलंय.

आधी बघा, मग हात लावा

पाना हातात घेण्याआधी फोटो काढा. शंभर काढा. कुठली केबल टाकीच्या कुठल्या बाजूने गेलीय, कुठल्या नटाखाली कुठला वायसर आहे, हेडलाइटच्या आत कुठली वायर कुठे जोडलीय, हे सगळं. तीन महिन्यांनी हे फोटोच तुमचा आधार असतात. काढलेला प्रत्येक भाग वेगळ्या डब्यात आणि डब्यावर चिठ्ठी.

मग नंबर. ट्रायम्फ आणि बीएसएच्या ट्विन (दोन सिलिंडरच्या) इंजिनांवर इंजिन नंबर डाव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाशी क्रँककेसवर ठोकलेला असतो. चॅसीचा नंबर हँडलच्या मानेपाशी सापडतो. दोन्ही कागदपत्रांशी ताडून बघा आणि हे पैसे खर्च करण्याआधी करा. दोन नंबर जुळत नाहीत म्हणून लगेच घाबरू नका. गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असलेल्या जुन्या बीएसए गाड्यांवर हे नंबर कारखान्यातूनच निरनिराळे असत, तर साठच्या दशकातल्या ट्रायम्फवर ते एकसारखे असायला हवेत. इंग्लंडमधल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडे बऱ्याच कारखान्यांच्या मूळ नोंदवह्या आहेत. तुमची गाडी कुठल्या मॉडेलची म्हणून कारखान्यातून बाहेर पडली, ते तिथून कळू शकतं.

आणि त्याच मॉडेलचं, त्याच वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स लिस्ट मिळवा. पार्ट्स लिस्टमधली सुट्या भागांची चित्रं मॅन्युअलपेक्षाही जास्त उपयोगी पडतात.

पान्यांचा हिशेब

नवखे इथेच पहिल्यांदा ठेचकाळतात. या गाड्यांचे नटबोल्ट मिलिमीटरच्या मापाचे नाहीत. बऱ्याच नटांना व्हिटवर्थ मापाचा पाना लागतो. त्या पान्यावरचा आकडा पान्याच्या जबड्याची रुंदी सांगत नाही, बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. १/४ व्हिटवर्थच्या पान्याचा जबडा ०.५२५ इंचाचा, म्हणजे सुमारे १३.३ मिमीचा असतो. त्यावर १३ चा मेट्रिक पाना बसत नाही आणि १४ चा सैल बसतो. तो सैल पाना जोर लावला की सटकतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. जुन्या गाडीवर असे गोल झालेले नट दिसले तर आधीच्या माणसाकडे कुठले पाने नव्हते ते लगेच कळतं. त्याच १/४ व्हिटवर्थ पान्यावर ५/१६ बीएसएफ (बारीक आट्यांचं दुसरं ब्रिटिश माप) असंही लिहिलेलं असू शकतं. गोंधळू नका, पाना एकच.

साठच्या दशकाच्या अखेरीस बीएसए-ट्रायम्फने हळूहळू अमेरिकन धाटणीचे युनिफाइड आटे घेतले. त्यामुळे १९६९-७० च्या गाडीवर दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी सापडतात. एक नियम पक्का ठेवा: कुठलाही नट आधी बोटांनी तीन-चार फेरे फिरला पाहिजे. नाही फिरला तर तो त्या जागेचा नाही. अॅल्युमिनियमच्या केसमधले आटे एकदा खाल्ले गेले की हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

व्हिटवर्थ पान्यांचा एक चांगला संच, एक इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने फिरणारा स्क्रूड्रायव्हर) आणि एक चांगला फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पट्ट्या). सुरुवातीला एवढ्यावर भागतं. केसचे क्रॉस स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने काढायला जाऊ नका. चाळीस वर्षं जाम झालेल्या स्क्रूचं तोंड लगेच जातं.

इंजिन फिरतंय का

प्लग काढा. प्लगच्या भोकातून टॉर्च मारून बघा: पिस्टनवर गंजाचे डाग आहेत का, ओल आहे का. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल ओता आणि एक दिवस थांबा. मग गाडी स्टँडवर घेऊन टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळूच पुढे-मागे हलवा. किक वापरू नका. किकवर अख्खं वजन टाकलं की जाम झालेलं इंजिन सुटण्याऐवजी किकचे दाते तुटतात किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो.

नाही फिरलं तर जाम सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑइल ओता, किंवा अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समप्रमाणात मिसळून ते. हे मिश्रण पेट घेणारं आहे, तेव्हा ठिणगी लांब आणि खिडक्या उघड्या. रोज थोडं घाला, रोज चाक थोडं हलवा. कधी चार दिवस लागतात, कधी महिना. दोन मिलिमीटर हललं की काम झालंच म्हणून जोर लावू नका. पुन्हा तेल, पुन्हा सबुरी. महिन्याभरानेही हललं नाही तर हेड काढायचं. हातोडी मारायची नाही.

क्लचच्या प्लेटा चिकटलेल्या असणारच. इंजिन फिरू लागलं की क्लच दाबून ठेवून किक सावकाश दोन-चारदा खाली न्या. एकदम मोकळ्या झाल्यासारख्या सुटतात. नाही सुटल्या तर प्लेटा काढून साफ करा.

तेल: इथे घाई नको

या बहुतेक गाड्या ड्राय सम्पच्या. तेल इंजिनाच्या पोटात नसतं, बाजूच्या टाकीत असतं. (रॉयल एनफिल्डच्या बुलेटमध्ये ती टाकी क्रँककेसच्याच ओतकामात असते.) पंपाचा एक भाग तेल टाकीतून इंजिनात ढकलतो, दुसरा खाली साठलेलं तेल ओढून टाकीत परत पाठवतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून पाझरत क्रँककेसमध्ये उतरतं. टाकी रिकामी दिसते, आणि आपल्याला वाटतं तेल कमी झालंय. त्यावर आणखी ओतलं की इंजिनात दुप्पट तेल होतं, आणि पहिल्याच किकला ते सीलमधून, ब्रीदरमधून, मिळेल तिथून बाहेर येतं. म्हणून आधी क्रँककेसचा ड्रेन प्लग उघडा, सगळं तेल काढा, मग टाकीचं काढा. टाकी सोडवून रॉकेलने धुवा. तळाशी बोटभर काळा गाळ निघाला तर नवल नाही.

आता गाळाचा मुद्दा, ज्यासाठी मी इतका वेळ थांबलोय. ट्रायम्फ आणि बीएसएच्या ट्विन इंजिनात क्रँकच्या आत एक पोकळ नळी असते, तिला स्लज ट्रॅप म्हणतात. तेल या नळीतून बिग एंड बेअरिंगकडे (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवरच्या टोकाचं बेअरिंग) जातं आणि क्रँक फिरताना जड घाण बाहेरच्या भिंतीला चिकटून राहते. त्या काळात या गाड्यांवर तेलाला तारेच्या जाळीपलीकडे फिल्टर नसे, म्हणजे ही नळी हाच फिल्टर. पण ती साफ करायची तर क्रँक बाहेर काढावा लागतो. त्यामुळे कित्येक गाड्यांत कारखान्यातून निघाल्यापासून ती कुणी उघडलेलीच नसते.

माझ्या बीएसए ए१० ची उघडली तेव्हा तिचा प्लग काढायलाच एक दिवस गेला. आतून निघालं ते तेलासारखं नव्हतं. राखाडी, घट्ट, पाटीच्या पेन्सिलीसारखं. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर कांडीच्या कांडी बाहेर येत होती. मधून तेलाला जायला काडेपेटीतल्या काडीएवढी वाट उरली होती. आणि तोपर्यंत ती गाडी मस्त चालत होती. मी ती आणखी काही शे किलोमीटर पळवली असती तर बिग एंड गेला असता, कदाचित क्रँककेस फोडून रॉड बाहेर आला असता. म्हणून सांगतो: ट्विन असेल, तिचा इतिहास माहीत नसेल आणि आधीच्या मालकाकडे इंजिन उघडल्याचा कागद नसेल, तर तळापर्यंत खोला. खर्चिक आहे, वेळ खाणारं आहे, पण याला दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. सिंगल सिलिंडर असेल आणि इंजिन मोकळं फिरत असेल, तर इतकं खोलात न जाता सुरुवात करता येते.

न उघडलेल्या इंजिनात आजचं डिटर्जंट असलेलं तेल घालावं का, यावर जुने जाणकार तासन्‌तास वाद घालतात. भीती अशी की डिटर्जंट जुना गाळ सोडवतो आणि तो बेअरिंगपाशी जाऊन अडकतो. माझा कल स्पष्ट आहे: गाळ काढा आणि चांगलं २०डब्ल्यू-५० घाला, किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं एसएई ४० किंवा ५०. प्राथमिक चेनकेस (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचा डबा) आणि गिअरबॉक्स यांची तेलं वेगळी असतात, तीही बदला.

टाकीत ताजं तेल भरल्यावर प्लग बाहेरच ठेवून किक सावकाश मारत राहा आणि टाकीच्या झाकणातून आत बघा. परतीच्या नळीच्या तोंडाशी आधी काहीच दिसत नाही. मग एक बुडबुडा, मग एक थेंब, मग थांबून-थांबून पिचकारी. ती पिचकारी दिसेपर्यंत प्लग लावू नका. ट्रायम्फच्या पंपात चेंडूसारख्या दोन बारीक गोळ्यांचे व्हॉल्व्ह असतात. त्यातल्या एकाखाली कचरा अडकला तरी तेल चढत नाही किंवा परत येत नाही. तेव्हा परतीची पिचकारी नाही आली तर पंप काढून साफ करा.

ठिणगी

पन्नाशीच्या दशकापर्यंतच्या बहुतेक गाड्यांवर मॅग्नेटो (फिरताना स्वतःच ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र) आहे, नंतरच्यांवर बॅटरी आणि कॉइल. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, हे त्याचं मोठं सुख. पॉइंटचं (ठिणगीसाठी उघडणाऱ्या-मिटणाऱ्या विजेच्या टोकांचं) अंतर मॅग्नेटोला साधारण ०.०१२ इंच (०.३ मिमी), कॉइलच्या गाडीला ०.०१५ इंच (०.३८ मिमी). पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा, पिक-अपचे (प्लगकडे वीज नेणाऱ्या जोडाचे) कार्बन ब्रश बघा, ते ज्या कडीवर टेकतात ती स्लिप रिंग स्वच्छ कापडाने पुसा.

मॅग्नेटोचा एक दोष ओळखायला शिका, कारण तो नवख्याला फार छळतो. गाडी थंड असताना एका किकला चालू होते, पंधरा किलोमीटर छान जाते, मग थांबली की पुन्हा चालू होत नाही. तासाभराने पुन्हा पहिल्यासारखी. लोक कार्बोरेटर चारदा खोलतात. दोष बहुतेकदा आर्मेचरच्या (मॅग्नेटोच्या फिरत्या भागाच्या) आत दडलेल्या कंडेन्सरचा किंवा वेटोळ्यांच्या इन्सुलेशनचा असतो, जो तापला की दम टाकतो. जुन्या वेटोळ्यांवरचं शेलॅक (लाखेचं रोगण) तर उष्णतेने मऊ होऊन बाहेर ओघळतं आणि आर्मेचर चिकटतं. याला घरगुती उपाय नाही. मॅग्नेटो गुंडाळणाऱ्या जाणकाराकडे द्या.

वायरिंगबद्दल एकच गोष्ट जिवावर बेतू शकते: युद्धोत्तर काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं धन टोक चॅसीला जोडलेलं असतं, ऋण नव्हे. आजच्या गाड्यांच्या सवयीने बॅटरी उलटी लावली की रेक्टिफायर (एसी वीज डीसी करणारा भाग) जातो, कधी वायरीला आग लागते. जुनी कापडी वेष्टणाची वायर वाकवली की कडकड तुटते. ती पूर्ण बदला. आणि मुळात नसला तरी बॅटरीच्या ऋण टोकाच्या वायरीवर, बॅटरीला अगदी लागून, फ्यूज बसवा.

पेट्रोल

टाकीत बोट घाला. चिकट डिंकासारखं लागलं तर जुनं पेट्रोल, लालसर भुकटी लागली तर गंज. सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवून टाकी धुतली की गंज सुटतो. धुतल्यावर लगेच पूर्ण वाळवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. साठच्या दशकात फायबरग्लासच्या टाक्याही आल्या. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल त्यांना आतून विरघळवतं आणि तो चिकटा थेट व्हॉल्व्हवर जाऊन बसतो. अशी टाकी असेल तर धातूची शोधा.

कार्बोरेटर बहुधा अमाल कंपनीचा: १९५५ पासून मोनोब्लॉक, १९६७ पासून कॉन्सेंट्रिक. ओतकाम मऊ असतं, म्हणून इंजिनाला जोडायचे नट जास्त आवळले की त्याची पट्टी कमानीसारखी वाकते आणि हवा शिरते. पट्टी सरळ काचेवर ठेवून बघा, डुगडुगली तर ओळखा. कॉन्सेंट्रिकचं पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारी तोटी) बहुतेक वेळा आतच ठोकून बसवलेलं असतं, भोक जेमतेम ०.०१६ इंचाचं. गाडी किकने चालू होते पण आयडलिंगला उभी राहत नाही, ही तक्रार निम्म्या वेळा या भोकाची असते. त्याहून बारीक तार पायलट स्क्रूच्या भोकातून सरळ आत घालून साफ करा.

पहिली किक

आग विझवायचं नळकांडं हाताशी. मॅग्नेटोच्या गाडीला हँडलवर टायमिंगचा कान (ठिणगीची वेळ बदलायचा छोटा लिव्हर) असेल तर तो रिटार्ड करा, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असा ठेवा. विसरलात तर किक उलटी बसते आणि घोट्याला इजा होते. टिकलर (कार्बोरेटरवरची छोटी कळ) दाबून पेट्रोल बाहेर पाझरेपर्यंत थांबा. किकने इंजिन हळू फिरवून कॉम्प्रेशनचा अडसर शोधा. सिंगल असेल तर डीकॉम्प्रेसर (कॉम्प्रेशन सोडणारा लिव्हर) ओढून पिस्टन तिथून जरा पुढे न्या, किक वर येऊ द्या, आणि मग एकच लांब, शेवटपर्यंत जाणारी किक. घाईघाईच्या दहा छोट्या किकांनी काही होत नाही.

चालू झाली की रेस करू नका. आधी तेलाच्या टाकीत बघा. अर्ध्या मिनिटात परतीची धार दिसली नाही तर लगेच बंद करा. धार सलग नसते, फेसाळ आणि तुटक असते. परतीचा पंप मुद्दाम मोठा ठेवलेला असतो आणि तो तेलाबरोबर हवाही ओढतो. ती तुटक धार म्हणजे सगळं ठीक.

चाकं आणि ब्रेक

टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर विसाव्या शतकातला आहे, नक्षी कितीही खोल असली तरी काढून टाका. ट्यूब आणि रिम टेपही नव्या घ्या. ब्रेक ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नका, हवेने उडवू नका: जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ओल्या कापडाने पुसा आणि कापड पिशवीत बांधून टाका. ब्रेकची आणि क्लचची केबल नवीच घ्या. हँडलच्या मानेतल्या सुट्या गोळ्या खाली सांडतात, तेव्हा उघडताना खाली कापड पसरा.

रस्त्यावर

पहिल्यांदा बसाल तेव्हा मोकळी, सपाट जागा निवडा. गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला आहे. (१९७४-७५ च्या सुमारास अमेरिकेच्या नियमांमुळे गिअर डावीकडे गेला.) नॉर्टन आणि रॉयल एनफिल्डला पहिला गिअर वर उचलून पडतो, काही गाड्यांना खाली दाबून. अचानक काही समोर आलं की पाय जुन्या सवयीने उजवीकडे दाबतो, आणि ब्रेकऐवजी गिअर बदलतो. म्हणून पन्नासएक वेळा थांबण्याचा सराव करा, मगच रहदारीत जा.

पहिली फेरी पाच किलोमीटरची. परत या, दोन्ही ड्रमना हात लावून बघा. एखादा चटका देत असेल तर तो ब्रेक घासतोय. सगळे नट तपासा. थरथरीने काही सैल झालेलेच असतात. इंजिन खोललं असेल तर शंभरेक किलोमीटरनंतर हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण गार असताना मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे पुन्हा आवळा आणि त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा सेट करा.

दोनशे किलोमीटरवर तेल बदला आणि निघालेलं तेल पांढऱ्या थाळीत उन्हात धरून बघा. काळसर असेल तर काही नाही. त्यात लोहचुंबक फिरवा. टोकाला आलेली बारीक भुकटी पुसून टाका, पण धातूची कपची आली तर ती कुठल्या भागाची ते शोधल्याशिवाय गाडी चालवू नका. पिवळसर चमक म्हणजे कुठलं तरी ब्राँझचं बुश झिजतंय. आणि चांदीसारखे पातळ पापुद्रे दिसले, जे चुंबकाला चिकटत नाहीत, तर ते बिग एंडच्या शेलचे (बेअरिंगच्या पातळ अस्तराचे) असू शकतात: गाडी तिथेच उभी करा आणि क्रँक पुन्हा बाहेर काढा.